बूटवाल्याच्या गोदामात झेरॉक्स

आमच्या गावात कॉलेजसमोर झेरॉक्सचं पहिलं दुकान निघालं तेव्हा मी बी.ए.ला होतो. माझ्या सुरुवातीच्या कवितांच्या प्रती मी तिथंच काढल्या. आतलं यंत्र जपानी कंपनीचं, पण पाटीवर मोठ्या अक्षरांत 'झेरॉक्स'! या कंपनीवर एकदा स्वतःचं नाव आणि धंदा दोन्ही गमावण्याची वेळ आली होती, हे मला फार उशिरा कळलं.

1959 साली झेरॉक्सने '914' हे यंत्र बाजारात आणलं. साध्या कागदावर, बटण दाबलं की प्रत. भोवती पेटंटांची तटबंदी होती, त्यामुळे स्पर्धा जवळजवळ नाहीच. 1975 साली अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून ती पेटंटं इतरांना वापरू द्यावी लागली. मग कॅनन, रिको यांची छोटी, स्वस्त यंत्रं आली. 1979च्या सुमारास झेरॉक्सच्या लोकांनी जपानी यंत्रं सुटी करून पाहिली, हिशेब मांडला आणि हादरले. जपानी लोक ज्या भावात यंत्र विकत होते, जवळपास तेवढा झेरॉक्सचा ते बनवण्याचाच खर्च होता.

तोवर कंपनी स्वतःची तुलना मागच्या वर्षीच्या स्वतःशीच करायची. आम्हा कवींचंही तेच. मागच्या संग्रहापेक्षा हा बरा, झालं समाधान! उर्दू शायरीत निदान उस्तादाला गझल दाखवून 'इस्लाह' घ्यायची, म्हणजे दुरुस्त करून घ्यायची, रीत आहे.

जमीन मोजणारे दगडावर उंचीची जी खूण करतात, तिला इंग्रजीत 'बेंचमार्क' म्हणतात. त्यावरून या तुलनेला 'बेंचमार्किंग' हे नाव पडलं. पण नुसती मोजपट्टी लावली की माणसं पहिल्यांदा कुणाच्या गळ्याकडे पाहतात? 1981 साली न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टरच्या कारखान्यात याचं उत्तर मिळालं. यंत्रातल्या वायरींच्या जुड्या बाहेरून बनवून घेतल्या तर वर्षाला 32 लाख डॉलर वाचतील, असा हिशेब निघाला. त्यात सुमारे 180 जणांची नोकरी जाणार होती. कामगार संघटनेने आग्रह धरला, आधी आम्हाला बघू द्या. सहा कामगार, एक इंजिनियर आणि एक व्यवस्थापक असे आठ जण सहा महिने त्याच कामाला बसले. त्यांनी बाहेरच्या भावापेक्षा जास्त बचत काढून दाखवली आणि तो विभाग वाचला. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथं आकडे कामगारांच्या हातात दिले गेले होते.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. सुटे भाग गोदामातून काढून पाठवण्यात झेरॉक्स मागे पडत होती. रॉबर्ट कँप आणि त्यांचे सहकारी उत्तम गोदामाच्या शोधात निघाले ते 1982 साली मेन राज्यातल्या फ्रीपोर्ट गावी, एल. एल. बीन या कंपनीत जाऊन पोहोचले. ही कंपनी टपालाने शिकारीचे बूट आणि कपडे विकणारी! तिथं फार यंत्रं नव्हती, हातानेच काम चाले. तरी तिथला माणूस झेरॉक्सच्या माणसाच्या सुमारे तिप्पट वस्तू काढत होता. गुपित एवढंच, की जास्त खपणारा माल हाताजवळ ठेवायचा आणि ऑर्डरी अशा लावायच्या की माणसाची पायपीट कमी व्हावी. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या किराणा दुकानदाराला हे सांगावं लागत नाही.

पण दोन माणसं पाहून आली म्हणून हजारो माणसं बदलत नाहीत. प्रमुख डेव्हिड कर्न्स यांनी गुणवत्तेचं शिक्षण सुरू केलं, ते स्वतःपासून. आधी ते आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी वर्गात बसले. मग प्रत्येक साहेबाने शिकायचं, वापरायचं, आपल्या हाताखालच्यांना शिकवायचं आणि ते वापरतात की नाही हे पाहायचं. सुमारे एक लाख माणसांपर्यंत हे उतरायला काही वर्षं गेली. माझ्या नोकरीत प्रशिक्षणाचे वर्ग पुष्कळ झाले. साहेब दीप लावून निघून जात.

1989 साली झेरॉक्सला अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार मिळाला. 2000 साली ती पुन्हा आर्थिक संकटात सापडली. तिची जपानी भागीदार फुजी झेरॉक्स. 2021 साली तिनेही नावातून 'झेरॉक्स' काढून टाकलं. आमच्या कॉलेजसमोरच्या पाटीवर मात्र ते अजून आहे.