शील आणि शैली : मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशाची तीन रूपे

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा बहुधा ग्रंथांच्या अंगाने होते. समोर बसलेल्या श्रोत्याला उद्देशून उच्चारलेल्या शब्दाचा, म्हणजे उपदेशाचा, विचार क्वचितच होतो. वस्तुतः या वाङ्मयाची घडण श्रोत्यानेही केलेली आहे. श्रोता कोण होता, आणि न पटल्यास उठून जाण्यास तो कितपत मोकळा होता, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे मराठी ख्रिस्ती उपदेशाची तीन रूपे स्पष्टपणे वेगळी होतात.

पहिले रूप पुराणाचे. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे, आणि आरंभी जुन्या पुराणांच्या जागी नवे काही द्यावे अशी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी आहे. परक्या उपदेशकाने श्रोत्याच्या कानाला सरावलेली ओवी आपलीशी केली, यात स्टीफन्स यांची थोरवी आहे. तथापि साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती आणि जुन्या पुराणांचे श्रवण नव्या ख्रिस्ती समाजाला वर्ज्य झाले होते, हे विसरता येत नाही. तेथील श्रोता मोकळा नव्हता. ओवीचे सौंदर्य निर्विवाद आहे. तिचा प्रभाव मात्र केवळ शब्दांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरे रूप वादाचे. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद केले. मोरभट दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद प्रसिद्धच आहे. पुढे १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांना त्याच शस्त्राने उत्तरे दिली. येथे श्रोता मोकळा होता. इतकेच नव्हे, तर तो प्रतिपक्षी होता. या वादांनी मराठी गद्याला तर्काची धार आणि परिभाषेचा नेमकेपणा दिला, हा लाभ लहान नव्हे. परंतु वादात हरलेला मनुष्य निरुत्तर होतो, अंकित होत नाही. उपदेशकाने न्यायाधीशाची जागा घेतली की श्रोता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि तेथून भक्तीकडे वाट जात नाही.

तिसरे रूप कीर्तनाचे. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. बदल केवळ टाळ-मृदंगाचा नव्हता. प्रवचनात श्रोता मुका असतो. कीर्तनात तो धृपद उचलतो. कीर्तनकार श्रोत्यांहून उंच नसतो. ज्या देवाचे गुण तो गातो त्याच्यापुढे तोही इतरांइतकाच याचक असतो. पूर्वरंगातील सिद्धांत उत्तररंगातील आख्यानात उतरल्यावाचून तेथे उपदेश पुराच होत नाही.

या रूपाला काव्याची उंची दिली ती नारायण वामन टिळक यांनी. आज छत्तीसगडात असलेल्या, दुर्ग-भिलईलगतच्या राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांचे मन वळले ते कोणत्याही वादाने नव्हे, तर त्यातील गिरिप्रवचनाच्या वाचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांच्या अभंगांत ख्रिस्त ‘गुरुमाउली’ होऊन येतो.

यावर एक आक्षेप संभवतो. कीर्तन हे रिकामे भांडे नव्हे. ते स्वतःचा रस मिसळते. त्यात माउली जवळ येते, पण पापनिवारण, न्याय, मंडळी यांविषयीचे काटेकोर सिद्धांत मागे सरतात. आक्षेप खरा आहे, परंतु तो अपुरा आहे. कोणतीही भाषा स्वतःची भक्तिपरंपरा बाजूस ठेवून नव्या श्रद्धेशी बोलू शकत नाही. बोललीच तर ते भाषांतर होते, उपदेश होत नाही.

टिळकांना हेही उमगले होते की शैलीला शीलाची जोड लागते. पगारी प्रचारकाच्या तोंडी वैराग्याचा अभंग शोभत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग अल्पायुषी ठरला. तरी त्याचा अर्थ उरतो. पुराणाने श्रोत्याची भाषा घेतली, वादाने त्याची बुद्धी मानली, कीर्तनाने त्याला शेजारी बसवले. उठून जाण्यास मोकळा असलेला श्रोता ज्या शब्दासाठी बसून राहतो, त्याच शब्दाला प्रभावी उपदेश म्हणता येईल.