शेतातली माऊली : बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई म्हटलं की आपल्या वारकऱ्यांना तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई आठवतात. आज सांगायचं आहे ते दुसऱ्या बहिणाबाईंचं, आपल्या नाशिकच्या शेजारच्या खानदेशातल्या.

जळगावजवळ आसोदे गावी १८८० साली नागपंचमीला त्यांचा जन्म झाला. १३ व्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरीवाड्यात आल्या. ३० व्या वर्षीच कपाळाचं कुंकू गेलं. पदरी ओंकार, सोपानदेव आणि काशी अशी तीन लेकरं. त्यात प्लेगानं ओंकारला अपंगत्व आलं. तरी बाई खचल्या नाहीत. शेतात राबल्या, जात्यावर बसल्या, लेकरं वाढवली.

अक्षराची ओळख नव्हती. पण काम करता करता ओव्या आपसूक ओठांवर यायच्या. त्यातल्या काही सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं वहीत उतरवून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बाई गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

ती वही नसती तर?

माऊली, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आपल्या कितीतरी आयाबायांनी जात्यावर विठुराया आळवला. विणेकऱ्यांची, चोपदारांची नावं आपण लिहून ठेवतो; त्यांच्या ओव्या मात्र त्यांच्याबरोबरच जातात. घरात म्हातारी असेल तर आजच तिच्यापाशी बसा अन् वही उघडा.