होशंगाबादचे बालवैज्ञानिक : एका शैक्षणिक प्रयोगाची तीस वर्षे

स्वातंत्र्योत्तर भारतातील शालेय शिक्षणाचा इतिहास लिहिताना आयोग, समित्या आणि धोरणे यांची नोंद विस्ताराने घेतली जाते. प्रत्यक्ष वर्गात मूल काय शिकले, हा प्रश्न मात्र बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. या सामान्य रीतीला अपवाद ठरावा असा एक प्रयोग नर्मदेच्या दक्षिण तीरावरील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सुरू झाला आणि पूर्ण तीस वर्षे चालून २००२ मध्ये शासकीय आदेशाने बंद झाला. ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ या नावाने तो ओळखला जातो. सहावी ते आठवीच्या, म्हणजे प्रारंभिक शिक्षणाच्या शेवटच्या तीन इयत्तांतील, खेड्यापाड्यांतील मुलांनी विज्ञान कसे शिकावे याचे उत्तर या कार्यक्रमाने तत्त्वचर्चेतून न देता शाळेच्या ओसरीवर बसून शोधले, हे त्याचे वेगळेपण होय.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय या प्रयोगाचे महत्त्व कळणार नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शालेय जीवनाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे अशी शिफारस केली होती. शिफारस उत्तम होती. परंतु विज्ञान अनिवार्य झाले म्हणजे विज्ञानाचे पुस्तक अनिवार्य झाले, एवढाच अर्थ बहुसंख्य शाळांनी घेतला. प्रयोगाची आकृती फळ्यावर काढावी, कृती, निरीक्षण व अनुमान वहीत उतरवून घ्यावे आणि परीक्षेत ते जसेच्या तसे लिहावे, असा परिपाठ पडला. लिटमस कागद तांबडा होतो हे हजारो मुलांनी लिहिले. तो तांबडा होताना पाहणारी मुले फार थोडी.

याला पहिला धक्का मुंबईहून बसला हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने, प्रा. बी. जी. पित्रे यांच्या पुढाकाराने, ‘प्रयोगांतून भौतिकी’ शिकविण्याची एक पद्धत तयार केली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिकांनी तीत रस घेतला आणि ही पद्धत महापालिकेच्या शाळांत नेण्याचाही प्रयत्न झाला. निवडक, सुखवस्तू शाळांत जे जमते ते साध्या शाळांत जमेल काय, हा प्रश्न येथेच प्रथम उभा राहिला. त्याचे खरे उत्तर मात्र मध्यप्रदेशात मिळायचे होते.

टाटा संस्थेत काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी होशंगाबाद जिल्ह्यातील बनखेडी भागात ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली होती. होशंगाबाद शहरालगत रसूलिया येथे क्वेकर परंपरेतील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ही जुनी संस्था काम करीत होती. या दोन संस्थांनी राज्य शासनाकडे परवानगी मागितली ती सरकारी शाळांत काम करण्याची. स्वतःची आदर्श शाळा काढून तेथे चमत्कार दाखविण्याचा सोपा मार्ग त्यांना उपलब्ध होता. त्यांनी तो घेतला नाही. जिल्ह्यातील सोळा शाळा, तेथील नेमलेलेच शिक्षक, तीच गळकी छपरे आणि तीच मुले घेऊन १९७२ च्या उन्हाळ्यात पहिले शिक्षक-प्रशिक्षण झाले. पुढे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक व अन्य संस्थांतील वैज्ञानिक त्यांना येऊन मिळाले.

या मुलांना काय शिकविले जात असे? ‘बाल वैज्ञानिक’ या नावाच्या पुस्तकांत याचे उत्तर आहे, आणि ते पाहिल्यावर प्रथमदर्शनी वाचक गोंधळतो. कारण या पुस्तकांत उत्तरे जवळजवळ नाहीतच. सूचना आहेत, तक्ते आहेत आणि प्रश्न आहेत. चार-चार मुलांच्या टोळीने प्रयोग करावा, दिसले ते नोंदवावे, सगळ्या वर्गाच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडाव्यात आणि त्यावर चर्चा करून निष्कर्ष काढावा, अशी रचना होती.

मुळे आणि पाने यांवरील धडा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुलांनी गावाबाहेर फिरायला जायचे आणि निरनिराळी रोपे मुळासकट उपटून आणायची. गहू, हरभरा, तूर, मका, बांधावरचे गवत, जे सापडेल ते. मग प्रत्येक रोपाचे मूळ पाहायचे : मध्ये एक जाड मूळ व त्याला फाटे, की एकाच जागेतून निघालेला तंतूंचा झुबका? नंतर पान उजेडासमोर धरायचे : शिरांचे जाळे आहे, की शिरा एकमेकींना समांतर धावतात? दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी रकान्यांत लिहिल्या की हळूहळू एक मेळ दिसू लागतो. जाळीदार शिरा तेथे सोटमूळ, समांतर शिरा तेथे तंतुमूळ. हा नियम शिक्षकाने सांगितलेला नसतो. तक्त्यातून तो मुलांना दिसतो. त्यानंतर पिंपळाचे पान हातात घेऊन, झाड न उपटता, त्याचे मूळ कसे असेल हे सांगण्याचे धाडस मूल करू लागते. निरीक्षणातून नियम आणि नियमातून भाकीत, ही विज्ञानाची सगळी वाटचाल बांधावरच्या मूठभर रोपांत सामावली आहे. अळूसारखे पान समोर आले की हाच नियम अडखळतो. शिरा जाळीदार वाटतात आणि मूळ मात्र सोटमूळ नसते. अपवाद दिसला म्हणून तो लपवायचा नाही, तक्त्यात लिहायचा, हाही धड्याचाच भाग. ‘एकबीजपत्री’ आणि ‘द्विबीजपत्री’ हे शब्द आधी पाठ करून घेतलेल्या मुलाला ही वाटचाल कधीच घडत नाही. त्याच्या हाती केवळ मुक्कामाचे नाव येते.

तीच गोष्ट माशीच्या जीवनचक्राची. शेणावर बसणाऱ्या माश्या, त्यांची अंडी, त्यांतून निघणाऱ्या अळ्या, मग कोष आणि शेवटी पुन्हा माशी, हा क्रम मुलांनी बरणीत ठेवलेल्या शेणावर दिवसेंदिवस पाहायचा. उन्हाळी हवेत तो पंधरवड्याच्या आतबाहेर पुरा होतो. शेणातून किडे ‘आपोआप’ उपजतात हा समज खेड्यात सर्वत्र होता, आणि तो केवळ खेड्यातला नव्हे. युरोपातही इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने १६६८ मध्ये झाकलेल्या व उघड्या भांड्यांतील मांसाची तुलना करून तो खोडून काढीपर्यंत विद्वानांचाही तोच समज होता. तीन शतकांपूर्वी एका वैद्याला जे करून पाहावे लागले ते बारा वर्षांच्या मुलांनी आपल्या वर्गात करून पाहिले.

मोजमापाचा भाग वरकरणी रूक्ष, परंतु शिक्षकांना सर्वांत अधिक अडचणीत टाकणारा होता. एकच लांबी वर्गातील प्रत्येकाने मोजली तर आकडे थोडेथोडे निराळे येतात. रूढ शिक्षणात यांपैकी एक आकडा बरोबर व बाकीचे चूक ठरतात. येथे मात्र हा फरक मोजण्याच्या क्रियेतच असतो, तो किती आहे हे पाहावे आणि सरासरी काढावी, असे शिकविले जाई. नाणे पुनःपुन्हा उडवून नोंदी ठेवणे आणि संभाव्यतेची कल्पना त्यातून उभी करणे हाही अभ्यासक्रमाचा भाग होता. खोटी नोंद लिहिण्याचे कारणच ज्या वर्गात उरत नाही, तेथे खरेपणाची सवय वेगळी शिकवावी लागत नाही.

साधनांची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. प्रत्येक शाळेला साहित्याची पेटी दिली जाई. पण जे गावात मिळते ते विकत आणू नये असा दंडक होता. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या साधेपणाला पुण्याचा एक धागा जोडलेला आहे. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेतून अभियंता होऊन पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला या कार्यक्रमात दाखल झाले. तेथील आठवडी बाजारात मिळणारी सायकलची वॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतील काड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन अशा रचना तयार केल्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे बोटांना कळले की पुलांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात ते निराळे सांगावे लागत नाही.

साधने स्वस्त करता येतात. शिक्षक घडविणे तितके सोपे नसते. उन्हाळी सुटीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत. त्यांत शिक्षकांना व्याख्याने दिली जात नसत. मुलांनी करावयाचे सगळे प्रयोग त्यांनाच करावे लागत, आणि त्यांच्या शेजारी विद्यापीठातील प्राध्यापक त्याच सतरंजीवर बसून तेच प्रयोग करीत. ‘मला माहीत नाही, आपण करून पाहू’ हे वाक्य विद्यार्थ्यांसमोर उच्चारणे वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या गुरुजींना किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. वर्ष सुरू झाल्यावर मासिक बैठका होत, शाळांना भेटी दिल्या जात. काही वर्षांनी याच शिक्षकांपैकी अनेक जण पुढच्या शिबिरांचे मार्गदर्शक झाले. या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे यश कोणते असे विचारल्यास पुस्तकांपेक्षा या शिक्षकांकडेच बोट दाखवावे लागेल.

परीक्षाही बदलली. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तक व स्वतःची वही जवळ ठेवून आठवीची विज्ञानाची परीक्षा देता येई, आणि तिला प्रात्यक्षिकाची जोड असे. पुस्तक उघडून उत्तर सापडत नसेल असाच प्रश्न विचारायचा, म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचीच कसोटी. मुलांच्या मनात उरलेल्या शंकांसाठी ‘सवालीराम’ हे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले. त्याला कोणीही पत्र लिहावे आणि त्याने उत्तर पाठवावे, असा हा परिपाठ. परीक्षेशी संबंध नसलेले प्रश्न विचारण्याची मुभा शाळेने मुलाला देणे ही गोष्ट लहान नव्हे.

१९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यातील शाळांत पसरला. पुढचे काम सांभाळण्यासाठी १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९८५ मध्ये ‘चकमक’ हे मुलांचे मासिक सुरू केले आणि पहिली ते पाचवीसाठीही ‘प्राथमिक शिक्षण कार्यक्रम’ हाती घेतला. विज्ञान कार्यक्रम हळूहळू मध्यप्रदेशाच्या पंधराएक जिल्ह्यांतील काही शाळांपर्यंत पोहोचला आणि अखेरच्या काळात सुमारे एक लाख मुले या पद्धतीने शिकत होती.

याच काळात महाराष्ट्रात निराळ्या दिशेने शोध चालू होता. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांतील मुलांचा अभ्यास करीत होते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे, अशा मुलांना विज्ञानाच्या संकल्पनेइतकीच पाठ्यपुस्तकाची भाषा अडसर ठरते, असे त्यांना आढळले. मजकूर सोपा करून लिहिला तेव्हा तीच मुले वर्गात बोलू लागली. ‘उत्सर्जन’, ‘अभिसरण’, ‘अपारदर्शक’ असे शब्द पुण्या-मुंबईतील सुशिक्षित घरातल्या मुलालाही अडखळविणारे; धुळे-गडचिरोलीच्या पाड्यावरील मुलाची स्थिती काय वर्णावी! होशंगाबादच्या हिंदी पुस्तकांतही पारिभाषिक शब्द शेवटी, गरज पडली तरच, येत. दोन ठिकाणचे निष्कर्ष एकमेकांना बळ देणारे होते.

आणि तरीही कार्यक्रम बंद झाला. २००२ च्या सुमारास जिल्हा नियोजन समितीच्या पातळीवर तो थांबविण्याची मागणी पुढे आली आणि जुलै २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद करून सर्वत्र चालणारी पाठ्यपुस्तके लागू केली. या जिल्ह्यातील मुले दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, राज्यातील इतर मुलांपेक्षा त्यांना वेगळे का शिकवावे, हा आक्षेपांचा गाभा होता. देशातील अनेक नामवंत वैज्ञानिकांनी निर्णयाविरुद्ध पत्रे लिहिली. दहावीचा निकाल सर्व विषयांचा असतो, त्यावरून विज्ञानाच्या एका पद्धतीचा निवाडा कसा करावा, असा प्रतिवाद झाला. आदेश मात्र बदलला नाही.

या आक्षेपाकडे तुच्छतेने पाहणे उचित नव्हे. ज्या पालकाला मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर घराचे भवितव्य टांगलेले दिसते, त्याने ‘बाकीच्यांसारखेच माझ्या मुलाला शिकवा’ असे म्हणावे यात नवल ते काय? नववीत पाऊल ठेवताच त्याच्या मुलापुढे पुन्हा पाठांतराचीच परीक्षा उभी होती. दोष असलाच तर आठवीपर्यंत एक वाट आणि नववीपासून तिच्या नेमकी उलट वाट ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता. वेगळेपणाची किंमत एका जिल्ह्याच्या मुलांनी एकट्यानेच मोजावी, असा तो प्रसंग होता. पण तीस वर्षांच्या कामाचे नीट परीक्षण करून ते सुधारण्याऐवजी एका आदेशाने ते पुसून टाकण्यात आले, ही गोष्टही तितकीच खरी.

बंद झालेल्या कार्यक्रमाचे पुढे काय झाले तेही नोंदवावयास हवे. डॉ. यशपाल हे टाटा संस्थेत असल्यापासून या प्रयोगाचे पाठीराखे. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये शालेय अभ्यासाच्या ओझ्याविषयीचा अहवाल दिला होता, आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचेही ते अध्यक्ष होते. त्या आराखड्यानंतर आलेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत ‘करून पाहा’ या सूचनेला जे स्थान मिळाले त्यामागे होशंगाबादचा अनुभव होता. अरविंद गुप्ता पुण्यात आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २०१४ पर्यंत काम करीत राहिले. टाकाऊ वस्तूंची त्यांची खेळणी तेथून मराठी शाळांत पोहोचली. पुण्यातून निघणाऱ्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या मराठी द्वैमासिकानेही एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’पासूनच प्रेरणा घेतली. होशंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम् झाले. ‘बाल वैज्ञानिक’ची पुस्तके मात्र एकलव्यने पुढेही उपलब्ध ठेवली आहेत, आणि त्यांतील तक्त्यांचे रकाने अजून कोरेच छापलेले असतात.