गायक गेला, गाणे राहिले

मुख्य नट सोडून गेला की नाटक मंडळी मोडली, असे लोक धरून चालतात. प्रेक्षकांपुढे एकच चेहरा असतो; त्यामागे राबणारे हात कोणास दिसत नाहीत. इंग्लंडातील ‘जेनेसिस’ या वाद्यवृंदावर १९७५ साली असाच प्रसंग ओढवला.

सरे परगण्यातील चार्टरहाउस शाळेच्या विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये हा वृंद उभारला. दीर्घ रचना, बदलते ताल आणि कथात्म गीते ही ज्याची लक्षणे, त्या ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ संगीतात त्याने नाव कमावले. गायक पीटर गॅब्रिएल मुखवटे व चित्रविचित्र वेष धारण करून रंगमंचावर येई. गीते सर्वांच्या सामाईक नावावर प्रसिद्ध होत. परंतु श्रेय बहुधा गॅब्रिएलच्याच पदरी पडे. १९७४ सालच्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ची शब्दरचना तर त्याने जवळजवळ एकट्यानेच केली. त्याच वर्षी त्यास कन्या झाली व तिच्या आजारपणाने तो चिंतेत पडला. पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्याने वृंद सोडल्याचे जाहीर झाले, तेव्हा वृंदाचे दिवस भरले असेच अनेकांनी मानले.

उरले चौघे: टोनी बँक्स, माइक रदरफोर्ड, स्टीव्ह हॅकेट आणि फिल कॉलिन्स. नव्या गायकाच्या जागेसाठी शेकडो अर्ज आले, कित्येकांची परीक्षा झाली. परंतु कोणीच मनास येईना. लंडनच्या ट्रायडेंट ध्वनिमुद्रणगृहात वाद्यसंगीत तयार झाले, तरी गायक नव्हता. एकास तेथे बोलावूनही पाहिले. गीताची पट्टी त्याच्या आवाजास मानवली नाही. अखेर १९७० पासून ड्रम वाजवणारा कॉलिन्सच गाऊ लागला. पूर्वी दोन गीते त्याने मुख्य गायक म्हणून गाइली होती, एवढीच त्याची पूर्वतयारी.

‘अ ट्रिक ऑफ द टेल’ ही ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७६ मध्ये निघाली आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली. या वेळी प्रत्येक गीताखाली त्याच्या कर्त्यांची नावे स्वतंत्रपणे छापली होती. वर्षानुवर्षे संगीत कोणकोण रचीत आले, हे श्रोत्यांस आता उघड दिसले. पाठोपाठच्या दौऱ्यात कॉलिन्स पुढे येऊन गाई, तेव्हा ड्रम बिल ब्रुफर्ड सांभाळी.

मात्र गेलेल्या सोबत्याचा विसर पडला नव्हता. ‘लॉस एंडॉस’ ही शेवटची रचना वाद्यांचीच. परंतु ती विरता विरता कॉलिन्सचा आवाज हळूच ऐकू येतो. गॅब्रिएलने १९७२ साली गाइलेल्या ‘सपर्स रेडी’तील शब्द त्यात आहेत.

पुढे १९८२ मध्ये गॅब्रिएलच्या पुढाकाराने भरलेल्या ‘वोमॅड’ या जागतिक संगीतमहोत्सवात मोठी खोट आली आणि तो कर्जाच्या ओझ्याखाली सापडला. त्या वर्षी २ ऑक्टोबर रोजी मिल्टन कीन्स येथे, भर पावसात, जुने सोबती त्याच्यासाठी पुन्हा एका रंगमंचावर उभे राहिले. वृंद दुभंगला, तरी स्नेह शाबूत होता.