सायकलचे आसन

सायकलचे आसन (बोलीभाषेत सीट) हा स्वाराच्या शरीराचा बराचसा भार पेलणारा सायकलचा भाग होय. स्वाराचा सायकलशी संबंध हँडल, पेडल आणि आसन अशा तीन ठिकाणी येतो. हात आणि पाय भार घेण्यास सरावलेले असतात. आसनावर टेकणाऱ्या भागाला मात्र ती सवय नसते. त्यामुळे वेदना, बधिरपणा व त्वचेचे विकार या तक्रारी तेथेच अधिक उद्भवतात. यांपैकी पहिल्या काही दिवसांचा हाडांवरील ठणका सरावाने जातो. बधिरपणा मात्र सरावाने जात नाही. तो आसनाचा आकार किंवा त्याची मांडणी चुकल्याचे लक्षण असतो. हा भेद माहीत नसल्याने पुष्कळ लोक चुकीचा त्रास सोसत राहतात किंवा सायकल चालवणेच सोडून देतात.

शरीररचना

कठीण बाकावर ताठ बसल्यास नितंबांखाली दोन टणक उंचवटे जाणवतात. ती श्रोणीच्या आसनास्थींची खालची टोके होत. बसताना शरीराचा भार घेण्यास ती समर्थ असतात. या दोन उंचवट्यांच्या मधला, जननेंद्रियांपासून गुदद्वारापर्यंतचा भाग म्हणजे मूलाधार. तो मऊ असून त्यातून प्युडेंडल नावाची चेता व तिच्या सोबतच्या रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर पडला तर आसन सोसवते. तो मूलाधारावर सरकला की चेता दाबली जाते, रक्तपुरवठा कमी होतो आणि मुंग्या येऊन तो भाग बधिर होतो.

भार कोठे पडेल हे बसण्याच्या ढबीवर अवलंबून असते. दूधवाले, पोस्टमन आणि शाळकरी मुले पिढ्यान्पिढ्या वापरत आलेल्या काळ्या उभ्या सायकलीचे हँडल उंच व स्वाराच्या जवळ असते. तीवर पाठ ताठ राहते आणि जवळजवळ सगळा भार मागे, हाडांवर येतो. म्हणून तिला रुंद, स्प्रिंगांचे आसन शोभते. शर्यतीच्या सायकलीवर स्वार पुढे वाकतो, श्रोणी पुढे कलते आणि टेकण्याची जागा हाडांच्या अरुंद, पुढच्या कडांकडे सरकते. तेथे रुंद आसन मांड्यांना घासते. एका सायकलीवर सुखावह असलेले आसन दुसरीवर असह्य का होते, याचे उत्तर येथे आहे.

इतिहास

१८६० च्या दशकातील लाकडी चाकांच्या, लोखंडी धावांच्या सायकलींना इंग्लंडमध्ये हाडे खिळखिळी करणारे यंत्र असे थट्टेचे नाव पडले होते. हवेचे टायर डनलॉप यांनी १८८८ मध्ये आणले; तोपर्यंत रस्त्याचे धक्के शोषण्याचे काम मुख्यतः आसनाकडेच होते. घोड्याच्या खोगिराचे कारागीर या कामाला साहजिकच पुढे आले. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे चामडी सामानाचा व्यवसाय सुरू केला व १८८२ मध्ये सायकलच्या आसनाचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीचे 'बी १७' हे आसन १८९० च्या दशकापासून आजतागायत विकले जाते. त्यात गादी नसते; लोखंडी सांगाड्यावर जाड चामडे झोळीसारखे ताणलेले असते आणि काही शे किलोमीटरच्या वापरानंतर ते स्वाराच्या हाडांप्रमाणे खोलगट होते. पाणी हा या चामड्याचा शत्रू. पावसाळ्यात सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची आपल्याकडील जुनी रीत त्याच्या बाबतीत अगदी शास्त्रशुद्ध ठरते.

मूलाधारावरील दाब टाळण्याची कल्पनाही आधुनिक नाही. १८९० च्या दशकात स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा आसनाच्या पुढच्या टोकावरून पाश्चात्त्य देशांत नीतिमत्तेचा व आरोग्याचा मोठा वाद माजला. त्यातूनच मध्ये खाच असलेली किंवा दोन वेगळ्या गाद्यांची 'आरोग्यदायी' आसने बाजारात आली. वाद विरला तशी ती मागे पडली आणि शंभर वर्षांनी, वैद्यकीय चर्चेमुळे, परत आली.

वैद्यकीय अभ्यास

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पुरुष पोलिसांना पुढचे टोक नसलेली आसने सहा महिने वापरायला दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मूलाधारावरील दाब व बधिरपणा दोन्ही लक्षणीय घटले. पुढच्या टोकाचा उपयोग मात्र शोभेपुरता नाही. वळणावर मांड्यांनी सायकल आवरण्यास ते लागते. म्हणून टोक नसलेली आसने सर्वसामान्य झाली नाहीत.

सायकलमुळे पुरुषत्वाची हानी होते, अशी भीती १९९० च्या दशकापासून पसरली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय पाहणीत सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्या व धावणाऱ्या पुरुषांशी करण्यात आली. लैंगिक क्षमतेत सायकलस्वार उणे आढळले नाहीत. बधिरपणा मात्र त्यांच्यात अधिक होता. प्रवासाच्या एक-पंचमांशाहून अधिक वेळ पेडलवर उभे राहणाऱ्यांत आणि हँडल आसनाच्या पातळीत किंवा त्याहून उंच ठेवणाऱ्यांत तो कमी दिसला. हे दोन्ही उपाय फुकटचे आहेत, ही त्यातली लक्षणीय गोष्ट.

स्त्रियांचा प्रश्न बराच काळ दुर्लक्षित राहिला. पुढे वाकल्यावर बाह्य जननेंद्रियांच्या मऊ भागावर दाब येऊन सूज व जखमा होतात. शर्यतींत आसन आडव्या पातळीपासून अडीच अंशांहून अधिक झुकवण्यास आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची मनाई होती. २०१६ मध्ये ही मर्यादा नऊ अंशांवर नेण्यात आली आणि अनेक महिला खेळाडूंना त्याचा लाभ झाला.

मऊपणाविषयीचा गैरसमज

दुखू लागले की जेलचे मऊ कव्हर चढवणे, हा सर्वत्र आढळणारा उपाय आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या बाजारहाटाला तो चालतो. दीर्घ प्रवासात हाडे गादीत रुततात, दबलेली गादी मधोमध वर येते आणि जो भाग वाचवायचा त्याच्यावरच दाब देते. अतिमऊ गादीवर झोपल्याने पाठ धरावी, तसाच हा प्रकार होय. पुरेसे टणक आणि योग्य रुंदीचे आसन पहिल्या आठवड्यात अधिक दुखते, पुढे कमी.

रुंदीचे माप

आसनाची रुंदी वजनावर वा नितंबांच्या आकारावर ठरत नाही. दोन उंचवट्यांमधील अंतरावर ठरते. स्थूल माणसाची हाडे जवळ आणि किरकोळ बांध्याच्या माणसाची दूर असू शकतात. हे अंतर घरी मोजता येते. टणक स्टुलावर खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसून किंचित पुढे वाकावे व हातांनी स्टूल वर ओढावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर बहुधा १०० ते १४० मिलिमीटरच्या आसपास भरते. स्त्रियांत ते सरासरीने जास्त असते. त्यात साधारण दोन-तीन सेंटिमीटर मिळवल्यास आसनाची रुंदी मिळते. ताठ बसणाऱ्यास त्याहून अधिक, फार वाकणाऱ्यास थोडी कमी पुरते.

मांडणी

नवे आसन विकत घेण्यापूर्वी आहे ते नीट बसवून पाहणे श्रेयस्कर. त्याला एक पाना किंवा अ‍ॅलन की पुरते.

उंची प्रथम पाहावी. आसनावर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा. मग तळपायाचा पुढचा भाग पेडलवर घेतला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. हा बाक २५ ते ३५ अंशांचा असावा, असे सामान्यतः मानले जाते. आसन फार उंच असेल तर प्रत्येक फेऱ्यात कंबर डावी-उजवीकडे डोलते व घर्षणाने त्वचा सोलवटते. फार खाली असेल तर पाय भार उचलत नाहीत, सगळे वजन बुडावर येते आणि गुडघेही दुखतात. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आसन खाली ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. ती या त्रासाला निमंत्रण देते.

कल पाहण्यासाठी आसनावर लांबीच्या दिशेने सपाट फळी ठेवून तीवर गवंड्याची पाणसळ ठेवावी. सुरुवात आडव्या पातळीने करावी. टोक वर असेल तर मूलाधार चेपतो. खाली जास्त झुकले तर स्वार घसरत राहतो आणि तो तोल सावरताना मनगटे भरून येतात. एक-दोन अंशांचा फरकही जाणवतो.

आसन पुढे-मागे सरकवण्यासाठी ओळंब्याची रीत प्रचलित आहे. क्रँक आडव्या असताना पुढच्या गुडघ्यापासून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा, असा संकेत आहे. त्यामागे भक्कम शास्त्र नाही. आरंभबिंदू म्हणून तो वापरावा. आसन मागे सरकवले की पायापासूनचे अंतर वाढते, तेव्हा उंची पुन्हा पाहावी लागते. एका वेळी एकच बदल करावा व जुन्या जागी खडूची खूण ठेवावी. एवढे करूनही टोकावर सरकून बसावेसे वाटत असेल, तर दोष बहुधा आसनाचा नसून हँडल फार दूर किंवा फार खाली असते.

त्वचेची निगा

घाम, घर्षण व जिवाणू यांच्या संयोगाने आसनाच्या जागी पुरळ व गळवे होतात. कोकणासारख्या दमट हवेत हा त्रास अधिक. सायकलच्या चड्डीतील अस्तर पूर्वी शॅमॉय या युरोपातील डोंगरी प्राण्याच्या चामड्याचे असे; आता ते कृत्रिम धाग्याचे असते. ही चड्डी अंतर्वस्त्राविना घालायची असते, कारण अंतर्वस्त्राची शिवणच त्वचेला कापते. ती दर वेळी धुवावी आणि प्रवास संपताच बदलावी.

या गळवांपुढे अव्वल खेळाडूही हतबल झालेले आहेत. फ्रान्सचे लुईझों बोबे यांनी १९५५ ची तूर द फ्रान्स असे दुखणे सोसत जिंकली, पण नंतर त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आयर्लंडचे शॉन केली यांना १९८७ च्या स्पेनमधील व्हुएल्टा शर्यतीत, अग्रस्थानी असताना आणि शेवट काही दिवसांवर आलेला असताना, याच कारणाने माघार घ्यावी लागली.

पुरळ दिसताच एक-दोन दिवस सायकल बंद ठेवल्यास ते बहुधा बरे होते. गळू स्वतः फोडू नये. बधिरपणा आल्यास लगेच उतरून चालावे. उतरल्यानंतरही तो तासन्‌तास टिकत असेल, लघवीला त्रास होत असेल किंवा गळवासोबत ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. या भागाविषयी बोलण्याचा संकोच हेच उशिराचे नेहमीचे कारण असते.