पाळण्याची दोरी आणि पाटी

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या सूनबाईंनी हुमनाबादच्या राहत्या घरातच पाळणाघर सुरू करायचे ठरवले. गावात बँकेत जाणाऱ्या, दवाखान्यात पाळीने काम करणाऱ्या, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जाणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. त्यांची लेकरे दिवसभर सांभाळायची. मी पडलो मुख्याध्यापक. लगेच गाणी, गोष्टी, चित्रे, तक्ते यांची यादी करायला बसलो. सूनबाई म्हणाल्या, "मामा, शिकवायचं नंतर बघू. दुपारी ही लेकरं झोपवायची कुठं, ते आधी सांगा."

या प्रश्नाने मी गप्पच झालो. मी इतिहासात एम. ए. केले आहे. तहांच्या तारखा, लढायांची ठिकाणे मला विचाराल तर सांगेन. पण मूल झोपते कुठे आणि ते झोपावे म्हणून कोण जागे राहते, याचा इतिहास मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला शिकवला नव्हता.

आमचे घर जुने, माळवदाचे. पुढे ढाळज, मग सोपा, आत माजघर. ढाळजेत रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो. माजघराला चूल लागून, म्हणजे धूर आणि ऊन ऊन भांडी जवळ. राहिला सोपा. भिंती जाड असल्यामुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. आम्ही धान्याची पोती हलवली, विजेची बटणे वर घेतली, खिडकीला बारीक जाळी ठोकली. अंथरुणांमध्ये मोठ्या माणसाला वाकून वावरता येईल एवढे अंतर ठेवले. पडदे लावले, पण प्रत्येक लेकराचा चेहरा दिसेल इतका उजेड राहू दिला. ज्याचे अंथरूण त्याचेच. ओळखायला एकावर कोंबडी, एकावर आंबा, एकावर सूर्य असे कापड शिवले. लेकराला आपली जागा ठाऊक असली की ते निम्मे आपणहून झोपते, हे मला या वयात कळले.

वर्षाच्या आतल्या बाळांवरून मात्र घरात वाद झाला. आमच्या मंडळींचे म्हणणे, बाळ कुशीवर नाहीतर पालथे घालावे, उताणे झोपवले तर दूध घशात येते. डॉक्टरांनी समजावले, की निरोगी बाळाला उताणेच, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावे. उशी नको, डोक्याशी मऊ वाकळ नको. इंग्लंडात १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली याचीच देशभर मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुष्कळ खाली आली. आपल्या आज्यांना मायेची कमी नव्हती. ही माहिती मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

सोप्याची साफसफाई करताना तुळईला दोन लोखंडी कड्या दिसल्या. चुना बसून त्या पांढऱ्या झाल्या होत्या. याच कड्यांना माझा पाळणा होता.

१९६८ साली मी जन्मलो, तेव्हा माझी अक्का दुसरीत होती. आई रानात जाई. घरात म्हातारे माणूस नव्हते. अक्काने पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधावी, पाय हलवत राहावे आणि हातातल्या पाटीवर अक्षरे गिरवावीत, असे काही महिने चालले. पुढे मी रांगू लागलो. रांगते मूल दोरीला ऐकत नाही. अक्काची पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. पुढे मी त्याच पाटीवर धुळाक्षरे काढली. मी एम. ए. झालो, मुख्याध्यापक झालो. अक्का आजही बँकेत अंगठा देते. तोच अंगठा, असे कधी कधी माझ्या मनात येते.

आता शब्दाकडेच पाहा. मराठीने या संस्थेला 'पाळणाघर' म्हटले. गुजराती तिला 'घोडियाघर' म्हणते. घोडियुं म्हणजेही पाळणाच. फिर्मँ मार्बो या गृहस्थांनी १८४४ साली पॅरिसमध्ये कष्टकरी आयांच्या बाळांसाठी असे पहिले घर उघडले आणि त्याला नाव दिले 'क्रेश', म्हणजे गव्हाण. बाळ येशूला निजवले ती गोठ्यातली गव्हाण. तीन भाषांनी तीन वस्तू निवडल्या, पण तिन्ही वस्तू बाळ निजवण्याच्या. शाळा, शिक्षण, संस्कार हे शब्द नंतरचे. पहिली अडचण एकच होती : आई कामाला गेली, तर बाळ ठेवायचे कुठे?

ही अडचण आपल्याकडे गिरण्यांबरोबर तीव्र झाली. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. इकडची कितीतरी कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली. माझी आजीही ऐन तारुण्यात सोलापूरच्या एका गिरणीत होती. ती सांगायची, की कामावर जाताना बाया तान्ह्या बाळाला तिळाएवढी अफू चाटवत. बाळ दिवसभर पडून राही. मुंबईच्या गिरणगावात याच अफूच्या गोळीला 'बाळगोळी' म्हणत आणि १९२० नंतरच्या दशकात मजूर स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्यांनी ही चाल सरसकट असल्याचे नोंदवून ठेवले आहे. आयांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या बाईला बाळ निजवायला जागा दिली नाही आणि बाळाजवळ बसायला माणूस दिले नाही, तिच्या हाती दुसरे काय उरले होते?

१९३१ साली व्हिटली आयोगाने कारखान्यांत शिशुगृहे असावीत अशी शिफारस केली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील, तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली बंधनकारक केली. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आली. खोलीत पुरेशी जागा हवी, उजेड आणि हवा हवी, स्वच्छता हवी, सांभाळणारी स्त्री प्रशिक्षित हवी, असे कायद्याने स्पष्ट लिहिले. वाचताना मला आमचा सोपाच आठवला.

पण कारखान्याचा कायदा शेताच्या बांधावर येत नाही. आमच्या बीदर-कलबुर्गीच्या रानात तुरीची रास चालली असली, की बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली दिसते. खाली एखादी सात-आठ वर्षांची पोर बसलेली असते. आपल्याला झोळी दिसते. ती पोर मात्र दिसत नाही.

ती पोर ज्यांना दिसली, त्या ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या या विदुषीने भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचा पाया घातला आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शहरातली बालमंदिरे नावारूपाला आली असताना त्या १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बालविधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेल्या 'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ या अंगणातल्या बालवाडीत आहे.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत का येत नाहीत, याची कारणे त्यांनी घराघरांतून शोधली. मुलगे गुरांमागे जात. म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. म्हणून 'विकासवाडी' निघाली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने कडेवरचे बाळ आणावे, पाळणाघरात निजवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. एवढीच योजना. पण मुलींच्या शिक्षणाचे कुलूप नेमके कुठे आहे, हे ज्याला कळले त्यालाच अशी किल्ली सुचते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. पण माझ्या लेखी त्यांचा खरा गौरव हा, की त्यांनी पाळणा आणि पाटी एका छपराखाली आणली.

मला मात्र ही गोष्ट फार उशिरा उमगली. १९९३ साली मी एका खेड्यातल्या शाळेत नवा शिक्षक होतो. पाचवीतली एक मुलगी रोज उशिरा येई. एके दिवशी ती धाकट्या भावाला घेऊनच वर्गात आली. तिने त्याला आपल्या शेजारी पोत्यावर निजवले आणि इतिहासाचे पुस्तक उघडले. मी शिवाजी महाराजांचा आग्र्याहून सुटकेचा धडा शिकवत होतो. मध्येच पोर उठले, रडू लागले, वर्ग हसला. मी चिडून म्हणालो, "ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे. त्याला घरी ठेवून ये." ती उठली. पोराला कडेवर घेऊन गेली आणि परत आली नाही. महिनाअखेरीस मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिले. आता वाटते, गैरहजर ती नव्हती. ती आली होती, बाळाची झोपायची सोयसुद्धा तिनेच करून आणली होती. नव्हते ते माझ्यापाशी काही.

मी त्या वेळी कोसबाडचे नाव ऐकले नव्हते असे नाही. परीक्षेत ताराबाईंवर टीपही लिहिली होती. पण टीप लिहिणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. १९७५ च्या गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्या राज्यातली पहिली जागा म्हैसूर जिल्ह्यातले टी. नरसीपूर. पण अंगणवाडीतली शाळा मुख्यतः तीन वर्षांपुढच्यांची आणि थोड्या तासांची. तीन वर्षांखालच्या लेकराला तिथे आहार आणि लस मिळते, दिवसभराची झोप मिळत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली, तर एका बाईला त्यांना सांभाळण्याचीच मजुरी द्यावी असे ठरवले. २०२३ साली कर्नाटक शासनाने चार हजार ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' जाहीर केली. कानडीत कूसु म्हणजे बाळ, मने म्हणजे घर. मराठी असो, कानडी असो, लेकराची झोप काही भाषा पाहून येत नाही. आम्ही रामनवमीला रामाचा पाळणा हलवतो, आमचे लिंगायत शेजारी बसवजयंतीला बसवण्णांचा 'तोट्टिलु' हलवतात. देवाच्या पाळण्याची दोरी ओढायला गाव लोटते. मजुरणीच्या बाळाची दोरी ओढायला तिची पोर तेवढी असते.

यंदा पंचमीला अक्का माहेरी आली. दुपारची वेळ. सोप्यात सात लेकरे आपापल्या कोंबडीवर, आंब्यावर निजलेली. सूनबाई कोपऱ्यात जागी बसलेली. अक्का उंबऱ्यातच थांबली. बराच वेळ तिने त्या ओळीकडे पाहिले, मग वर तुळईच्या कड्यांकडे. हलक्या आवाजात मला म्हणाली, "लेकरं गाढ झोपल्यात रं. पर ह्यांच्या बहिणी कुठं हायत?"

मी म्हणालो, "शाळेत."

अक्का काही बोलली नाही. पदराने तोंड पुसले आणि पाय न वाजवता आत गेली.

वाचकहो, सीमाभागात आमच्या शाळा टिकाव्यात म्हणून आम्ही पुष्कळ ठराव करतो, निवेदने देतो. ते करावेच. पण पट भरायचा असेल, तर शाळेच्या आवारात एक गार खोली, चार स्वच्छ अंथरुणे आणि जागी राहणारी एक बाई, एवढी मागणी त्या निवेदनात सर्वांत वर लिहावी, असे मला वाटते. आमच्या शाळेच्या सुधार समितीपुढे मी ती या महिन्यात मांडली आहे. जुन्या वाचनालयाच्या मागची खोली रिकामी आहे. दुपारी तिथे ऊन येत नाही, ते मी पाहून आलो.