एका शब्दावरून मोडलेली पंगत

पंगतीचे महत्त्व खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. मांडीला मांडी लावून दोन घास खाल्ले की दुरावा सरतो. पण कुणाला पंगतीतून उठवले, तर तो सल पिढ्यान् पिढ्या जात नाही. ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही अशी एक पंगत आहे. ती मांडली गेली माणसे जोडण्यासाठी, आणि तिच्यावरूनच माणसे तुटली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले. भाकर मोडून ती आपले शरीर आहे असे तो म्हणाला, द्राक्षारसाचा प्याला आपले रक्त म्हणून दिला, आणि आपली आठवण म्हणून हे करीत राहा असे सांगून गेला. तेव्हापासून ख्रिस्ती मंडळी हा विधी करीत आली. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट लोक त्याला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. वसईकडच्या कॅथलिकांत तो मिस्साविधीचा गाभा असतो.

आता तुम्ही विचाराल, भाकर ती शरीर कशी होईल? कॅथलिक पंथ सांगतो की, धर्मगुरूने ती पवित्र केल्यावर रूप, रंग, चव तेवढी भाकरीची उरते. आतले तत्त्व पालटून तेथे साक्षात ख्रिस्त असतो. १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने ही शिकवण मांडली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती पुन्हा ठामपणे सांगितली. मध्ययुगाच्या अखेरीस सामान्य माणसाला फक्त भाकर मिळे. प्याला धर्मगुरूच घेई. बोहेमियात यान हुसच्या अनुयायांना हे मानवेना. हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले, पण त्याच्या लोकांनी प्याला आपल्या निशाणावर काढला आणि त्यासाठी लढाया केल्या. एका घोटासाठी एवढे? होय, कारण तो घोट म्हणजे देवाच्या दारी सर्वांचा सारखा मान होता.

पुढे जर्मनीत मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमध्ये झ्विंग्ली यांनी पोपची सत्ता झुगारली. सम्राट पाचवा चार्ल्स विरोधात उभा होता. अशा वेळी सुधारकांत एकी हवी म्हणून हेस प्रांताचा शासक फिलिप याने १५२९ च्या ऑक्टोबरात दोघांना मारबुर्गच्या किल्ल्यात बोलावले. वाद कशावरून? ‘आहे’ या एका शब्दावरून! भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून आपण म्हणतो, ‘हे माझे वडील.’ तसाच हा ‘आहे’ आहे, भाकर ही खूण आहे, असा झ्विंग्लीचा आशय होता. ख्रिस्त सदेह स्वर्गात गेला, मग तो देहाने भाकरीत कसा असेल, असे तो विचारी. ल्यूथरने मात्र येशूचे ते शब्द खडूने मेजावर लिहून ठेवले आणि त्यांवरून तसूभर हटला नाही. पापाच्या ओझ्याने वाकलेल्या माणसाच्या हाती नुसती तसबीर देऊन भागणार नाही, प्रत्यक्ष प्रभूच द्यायला हवा, ही त्याची तळमळ होती.

पंधरा कलमे मांडली गेली. चौदा कलमांवर दोघांचे एकमत झाले. पंधराव्यातलेही बरेचसे जुळले, प्याला सर्वांना द्यावा हेही ठरले. अडले ते ख्रिस्त भाकरीत देहाने असतो की नाही, एवढ्यावरच. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी आले, तरी ल्यूथरने त्याला धर्मबंधू मानले नाही. दोनच वर्षांनी झ्विंग्ली कापेलच्या लढाईत पडला. एक पंगत मोडली ती मोडलीच.

पंथापंथांत रीती आणखीही निराळ्या झाल्या. ऑर्थोडॉक्स पंथात आंबवलेल्या पिठाची भाकर असते आणि तान्ह्या बाळालाही प्रसाद मिळतो. कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्या मद्याऐवजी साधा द्राक्षरस घेतात. क्वेकर लोक तर हा विधीच करीत नाहीत. साधे रोजचे जेवणही पवित्रच, असे ते मानतात.

पण कथा एवढ्यावर संपत नाही. १९७३ साली बाझेलजवळ लॉयनबर्ग येथे ल्यूथरच्या आणि स्विस सुधारकांच्या वारसांनी करार केला, आणि सुमारे साडेचारशे वर्षांनी ते एका मेजावर आले. त्याआधीच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च स्थापिली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांची पंगत मात्र अजून सर्रास एक झालेली नाही. बोलणी चालू आहेत.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्या वर्गात एखादे ख्रिस्ती मूल असेल, तर त्याच्या घरी हा विधी कसा करतात ते आस्थेने विचारा. आणि एका शब्दासाठी भांडणाऱ्यांना हसण्यापूर्वी मुलांना एवढे सांगा, की ती माणसे क्षुल्लक गोष्टीसाठी भांडत नव्हती. देव आपल्या किती जवळ येतो, हा त्यांचा प्रश्न होता. चूक झाली ती प्रश्न विचारण्यात नव्हे. उत्तर जुळले नाही म्हणून पुढे आलेला हात नाकारण्यात झाली.